राणीचे चुकलेले ठोके

राणी, माझी बॉक्सर जातीची कुत्री, सात वर्षांची. परवा जिना चढता चढता मटकन बसली आणि मिनिटभरात उठून शेपटीचा खुंट हलवायला लागली, जणू काही झालंच नाही. साधा ईसीजी नॉर्मल आला. पण बॉक्सरच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात, दोन-चार मिनिटांच्या पट्टीत सापडतीलच असं नाही. म्हणून २४ तासांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, बांधलं. छातीवरचे केस भादरले, वर माझा जुना टी-शर्ट चढवला. हजारावर जादा ठोके निघाले! ठोके चुकण्याचा हा आजार आनुवंशिक. पिल्लू घेताना मी आईबापांचं रूप पाहिलं. त्यांचं हृदय तपासलंय का, हे विचारलंच नाही. आता दर १२ तासांनी सोटॅलॉल, ठोके ताळ्यावर ठेवणारं औषध. शिवाय आंघोळ घालताना गाठी चाचपते, या जातीत मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, फार. मांडीवरची मसुराएवढी गाठ सुईने तपासली, नुसती चरबी होती. टी-शर्ट मात्र बाईसाहेब काढू देत नाहीत.