आई रडली नाही

शनिवार, रात्री साडेअकरा

फाइल आईला दाखवायलाच नको होती.

सोमवारी सबमिशन आहे. पुरावरच्या लेखाचे तिन्ही खर्डे एकाखाली एक टाचून द्यायचे, वरचा फेअर, खालचे दोन्ही खाडाखोडीसकट. जेवणं झाल्यावर आईनं ओटा पुसला, चष्मा लावला आणि सगळं वाचलं, अगदी मॅडमचे पेन्सिलीतले शेरेसुद्धा. मी समोर बसून तिचा चेहरा बघत होते. वाचून झाल्यावर तिनं पानं सारखी केली आणि म्हणाली, "पहिलाच बरा होता. त्यात मी रडले तरी होते."

आणि दूध विरजायला उठून गेली.

फार लागलं मला ते. वर्षभर मी काय केलं मग? पहिला खर्डा म्हणजे दहावीच्या गाइडातलं 'पूरग्रस्ताचे मनोगत'. कृष्णामाईनं रौद्र रूप धारण केलं, होत्याचं नव्हतं झालं, आईच्या डोळ्यांतून गंगा-यमुना वाहू लागल्या. मध्ये आकडे पेरलेले: सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर. आकड्यांखाली मॅडमनी लिहिलं होतं, "हे पेपरात आलंय. तुझ्याकडं काय आहे?" आणि गंगा-यमुनांखाली नुसतंच, "तू पाहिलंस का?"

तो प्रश्न माझ्या मागंच लागला. त्या एका प्रश्नानं माझी अर्धी वाक्यं खाल्ली. दुसऱ्या खर्ड्यात मी आठवेल ते सगळं भरलं. मामाकडून आठवड्यानं परत आलो तेव्हा गावभागात गुडघ्यापर्यंत चढणारा चिखलाचा वास, फुगलेल्या शाळूनं उचकटलेलं डब्याचं झाकण, भिंतीवर देवघराच्याही वर गेलेली पाण्याची रेघ. बाबांच्या वह्या. (त्याबद्दल आत्ता नको.) तिसऱ्यात मॅडम म्हणाल्या, यातलं एकच ठेव. मी शिलाई मशीन ठेवलं.

मशीनचा ड्रॉवर गाळानं गच्च भरला होता. आई पाटावर बसून केसांच्या आकड्यानं तो गाळ उकरत होती. एकेक बॉबिन बाहेर काढायची, पदराला पुसायची, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायची. दोऱ्याचा रंग कळत नव्हता, सगळ्या सारख्याच मातकट. बाहेर माणसं ओरडत होती, टँकर आला होता, आणि ती एकेक बॉबिन पुसत होती. त्याखाली मी लिहिलं, "आई रडली नाही. ती बॉबिन पुसत राहिली."

याच वाक्याला मॅडमनी बरोबरची खूण केली. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते, बसमध्ये उभी असतानाही ते वाक्य मी मनात म्हणत होते. आपल्याला लिहिता येतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आणि आता हे.

मघाशी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "पण आई, तू खरंच रडली नव्हतीस ना तेव्हा?" तिनं पातेल्यावर ताटली ठेवली. "रडले नव्हते असं कुणी सांगितलं गं तुला?"

मी तेव्हा सातवीत होते, दारात उभी होते, पायात बाबांचे गमबूट. आई कुठं तोंड करून बसली होती ते आता तासभर आठवतेय. मशीन खिडकीखाली, खिडकी पूर्वेला, दार समोर. म्हणजे तिची पाठ माझ्याकडं होती. मला दिसली ती पाठ, कोपर आणि वर्तमानपत्र. चेहरा मी पाहिलाच नव्हता.

म्हणजे गंगा-यमुना जितक्या खोट्या, तितकंच "आई रडली नाही" हेही खोटं. नुसतं कमी शब्दांत, म्हणून ते खरं वाटलं. मॅडमना वाटलं, वर्गाला वाटलं, मलाही वाटलं. आई तेवढी फसली नाही. आणि तिला न विचारता मी तिला दोनदा कागदावर बसवलं, एकदा रडवून आणि एकदा न रडवून. सहा वर्षं तिनं कुणालाच काही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

रडू येत होतं मघाशी, आता येत नाही. वर्ष वाया गेलं असंही आता वाटत नाही. "तू पाहिलंस का?" हा प्रश्न मॅडमनी पहिल्या खर्ड्यावर लिहिला होता, तिसऱ्यावर तो माझा मलाच विचारायचा होता. तो विचारायला मला आई लागली, ठीक आहे.

वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, "आईची पाठ माझ्याकडं होती. समोर दहा-बारा बॉबिन मांडलेल्या होत्या." फेअरवर खाडाखोड झाली, मार्क जातील तर जाऊ देत.

हे आईला वाचून दाखवलं. ती अंथरूण घालत होती. चादर झटकायची थांबली.

"बावीस होत्या," म्हणाली. "दोन सापडल्याच नाहीत."