वाईचं दार: काळे ओघळ अखेर थांबले

मंडळी, सापडलं! मामांच्या वाईच्या घराच्या सागवानी दारावर पितळी फुलं ठोकलेली आहेत, त्यांच्याखालचे काळे ओघळ कुठून येत होते ते कळलं, आणि त्यानंतर दोन चांगले पाऊस होऊन गेले तरी फळी स्वच्छ आहे.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, तैलरंगाचे थर उतरवल्यावर दाराचं सागवान काय सुंदर निघालं होतं. प्रत्येक फुलाखाली मात्र काळी शेपूट. ऑक्झॅलिक ॲसिड लावलं की डाग जायचा आणि पावसाची झड बसली की तिथेच परत उमटायचा. मामी म्हणाली, "अरे, गडद पॉलिश मारून टाक की एकदाचं, घर विकायचंच तर आहे." एजंटचंही तेच मत. मला ते पटलं नाही आणि पटणारही नाही. जुनं घर बघायला येणारा माणूस गडद दार बघितलं की आधी बोटाने टकटक करून वाळवी शोधतो. कुलूप उघडेपर्यंत तो दारासमोरच उभा असतो, तेवढ्यात त्याला लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत.

सागवानातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य), लोखंड आणि ओल एकत्र आले की काळा डाग पडतो, हे आपल्याला माहीतच आहे. पण फुलं तर पितळेची! मग लोखंड आलं कुठून? जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फुलांवरून फिरवून बघितलं. पाकळ्यांवर काही नाही, पण मधल्या टोपीवर हलकेच ओढलं गेलं. टोपीखाली लोखंडी खिळा! मागच्या बाजूला त्याचं टोक वळवून आडव्या पट्टीत ठोकलेलं, त्यावर रंग बसल्यामुळे इतके दिवस दिसलंच नाही. पाणी पाकळीखालून खिळ्यापर्यंत जायचं आणि काळं होऊन बाहेर यायचं. वरून कितीही धुतलं तरी काय उपयोग?

खिळे काढणं हे खरं काम होतं. टोकं अंबूराने सरळ केली, मागून सुंभा (खिळा ढकलायचा बोथट लोखंडी दांडा) लावून हळूहळू ठोकली, फळीला चीर जाऊ नये म्हणून पुढून लाकडाचा ठोकळा धरला. एकही फूल फुटलं नाही, याचा मला फार आनंद आहे. काढलेली फुलं पितांबरीने घासली. दारावर बसलेली असताना घासू नका, पावडर लाकडाच्या रेषांत जाऊन पांढरी दिसते.

मग ॲसिडचा शेवटचा हात. लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम, प्लास्टिकच्या डब्यात, नायलॉनच्या ब्रशने. नुसत्या डागावर लावू नका, पूर्ण फळीवर लावा, नाहीतर तिथे फिकट ठिपका राहतो. नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे हवेतच. वाळल्यावर पॉलिश पेपर मारताना तोंडावर मास्कही हवा, ती धूळ घशाला फार वाईट. तारेचा ब्रश आणि स्टील वूल दाराच्या आसपासही नकोत, त्यांचे कण अडकले की नवे काळे ठिपके तयार.

फुलं आता पितळी बोल्टवर बसवली आहेत, मागून पितळीच नट आणि वायसर. बोल्ट पुण्यात बोहरी आळीत मिळाले. घेताना चुंबक खिशात ठेवा, नुसता पितळी मुलामा दिलेला लोखंडी माल पितळ म्हणून सर्रास पुढे केला जातो.

हे लिहिताना लक्षात आलं, दाराची कडी आणि कोयंडा लोखंडीच आहेत! ते बदलायचे नाहीत, कडीचा आवाज त्या घराचा आहे. तर काढून गंज घासायचा, मागच्या बाजूला लाखेचे दोन हात द्यायचे आणि मग बसवायचे. लोखंड आणि लाकूड यांच्यात पडदा राहील. उद्याच करतो.

आणि हो, संपूर्ण दाराला लाखेचं पॉलिश करायचा बेत रद्द. दार पश्चिमेकडे आहे, पाणी लागलं की लाख पांढरी पडते, आणि या दमट हवेत तर लावतानाच धुरकट होते. आतल्या अंगाला लाख, तीही उन्हाच्या दिवशी. बाहेरून डबल बॉइल्ड जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, हात अगदी पातळ. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

बाकी किरकोळ. ओट्याच्या शहाबादीवरचे सिमेंटचे थेंब पटाशीने निघाले. गणेशपट्टी (दाराच्या चौकटीवरची गणपतीची कोरीव पट्टी) नुसती मऊ ब्रशने झाडली, तिला हात लावायची गरजच नाही. ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावला आणि कोरीव काम संध्याकाळी उठून दिसायला लागलं.

पितृपक्षात घर बघायला कोणी फिरकत नाही, ती सवड तेलाला पुरेल. घटस्थापनेनंतर एजंट पहिली माणसं आणणार आहे. तोवर एक विचारायचंय: डाव्या फळीचा खालचा खुंटा (ज्यावर ती फिरते तो) झिजून फळी उंबरठ्याला घासते. खुंट्याखाली पितळी चकती घालून फळी उचलली आहे का कोणी? किती जाडीची घातलीत?