तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅक शिक्षकाच्या वेळापत्रकात न लिहिलेला तास

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. अमेरिकेत टेक्सास, ॲरिझोना किंवा नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांत जे-१ (देवाणघेवाणीच्या) व्हिसावर शिकवायला निघालेले मराठी शिक्षक विचारतात, “तिथल्या ब्लॅक सहकाऱ्यांशी वागताना काय सांभाळायचं?” आणि इथली मंडळी विचारतात, “ओबामा राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, आता ब्लॅक माणसांना नोकरीत नेमकं काय आड येतं?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं. ते कळलं नाही तर पहिल्याचं उत्तर नुसतं शिष्टाचाराचं पुस्तक होईल.

त्याआधी शब्दाचं. मराठी वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात, ते चालेल. ते लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात, म्हणून इथे तोच शब्द वापरते. परदेशातल्या काही मराठी घरांत ‘कल्लू’ हा शब्द बिनदिक्कत चालतो, मुलांच्या कानावर पडतो आणि मुलं तो शाळेत नेतात. तो घरातच थांबवा.

आता आड काय येतं ते. वर्णभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवीगाळ येते. तीही होते. पण नोकरी कुरतडली जाते ती साध्या गोष्टींनी. कुणाच्या मोकळ्या तासाला कुणाचं मूल आणून बसवलं, मुख्याध्यापकांच्या शेऱ्यात कुठलं विशेषण आलं, कुठला कागद कुठल्या तारखेला गेला किंवा गेलाच नाही.

कागदाची ही कथा जुनी आहे. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्याचा निकाल लागला आणि गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या, हे आपण वाचलेलं असतं. ज्या टोपेका शहरावरून तो खटला ओळखला जातो, तिथल्या शाळा-अधीक्षकाने मार्च १९५३ मध्येच, निकालाच्या वर्षभर आधी, गेल्या एक-दोन वर्षांत नेमलेल्या ब्लॅक शिक्षकांचे करार वाढवता येणार नाहीत असं लेखी कळवून ठेवलं होतं. कारणही सरळ दिलं होतं: वेगळ्या शाळा रद्द झाल्या, तर गोऱ्या मुलांना शिकवायला ब्लॅक शिक्षक शहरातल्या बहुसंख्य लोकांना नको असतील. पुढच्या अकरा वर्षांत दक्षिणेतल्या आणि तिच्या सीमेवरच्या १७ राज्यांत ३८,००० हून अधिक ब्लॅक शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं एकत्र आली ती गोऱ्यांच्या शाळांत. ब्लॅक शाळांना कुलपं लागली आणि मास्तर घरी बसले. मिसूरीतल्या मोबर्ली गावात अकरा ब्लॅक शिक्षक होते, त्यांतल्या एकालाही परत घेतलं नाही. ते कोर्टात गेले आणि १९५९ मध्ये अपिलातही हरले, कारण शाळा-मंडळाने सगळ्यांची तुलना करूनच निवड केली, हे कोर्टाने मान्य केलं. तुलनेचे गुण कुणी दिले होते, हे वेगळं सांगायला नको.

ती पोकळी अजून भरलेली नाही. २०२०-२१ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे सरकारी शाळांत ब्लॅक मुलं १५ टक्क्यांच्या आसपास होती आणि ब्लॅक शिक्षक ६ टक्के. ब्लॅक पुरुष शिक्षक तर १.३ टक्के. त्यामुळे बऱ्याच शाळांत असा शिक्षक एकटाच असतो आणि पुढची सगळी गुंतागुंत त्या एकटेपणातून निघते.

एकटा असला की त्याच्याकडे कामं वाहत येतात. चौथीतलं ब्लॅक मूल बाकावर चढलं, ‘जा, मिस्टर अमुकच्या वर्गात बस.’ एका ब्लॅक आईचा फोन आला, ‘तुम्ही बोलता का जरा?’ फेब्रुवारीतला ब्लॅक इतिहास महिना आला, कार्यक्रम तुम्हीच बसवा. (इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये हा उपक्रम आठवड्याचा म्हणून सुरू केला. ते स्वतः शाळामास्तर होते, पण सगळं एकाच मास्तरावर टाका असं काही त्यांनी सांगितलेलं नाही.) तेव्हाचे शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी २०१६ मध्ये याला अदृश्य कर म्हटलं. आपल्याकडे यापेक्षा नेमका शब्द आहे: वेठ.

तिचा हिशेब मांडून बघा. शिक्षकाला दिवसात तयारीसाठी एक मोकळा तास मिळतो, तो ४५ मिनिटांचा धरू. त्यात आठवड्याला तीन मुलं आली आणि प्रत्येकाला १५ मिनिटं गेली, तर आठवड्याचा एक तास संपला. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे ३६ आठवड्यांचं. वर्षाला १६२० मिनिटं, २७ घड्याळी तास. तेवढ्या वह्या तपासायच्या राहतात, तेवढे पाठ अर्धे बसतात, आणि मग शेरा येतो की तयारी कमी पडते. दुसरा तोटा उशिरा दिसतो. मुलं आवरणारा अशी ख्याती झाली की बढतीही शिस्तीच्या बाजूची मिळते. गणित उत्तम शिकवणारा माणूस मग दिवसभर बोळात वॉकीटॉकी घेऊन फिरतो, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या खोलीत त्याची खुर्ची नसते.

गंमत अशी की ही माणसं हवीत याला भक्कम आधार आहे. टेनेसीत १९८५ पासून एका प्रयोगात मुलं वर्गांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली होती. बालवाडी ते तिसरीपर्यंत एकदा जरी ब्लॅक शिक्षक मिळाला, तरी ब्लॅक मुलांची शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याची १९ टक्क्यांनी वाढलेली संशोधकांना पुढे दिसली. म्हणजे फायदा होतो तो त्याच्या शिकवण्याने. बोळातल्या पहाऱ्यावर हे मोजलेलं नव्हतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो: नोंद. एक साधी वही घ्यायची. तारीख, वेळ, मूल कुणी पाठवलं, किती मिनिटं गेली, आपलं कुठलं काम राहिलं. सहा आठवडे भरू द्यायचे आणि मग मुख्याध्यापकांपुढे बेरीज ठेवायची: इतकी मिनिटं गेली, याबदली सकाळची गेटवरची ड्यूटी काढा, किंवा हे काम कागदावर आणून त्याचं मानधन द्या, किंवा पाळी लावा. “माझ्यावर अन्याय होतो” या वाक्याला सहानुभूती मिळते. वर्षाला २७ तास होतील अशा बेरजेला उत्तर द्यावं लागतं. मात्र वहीत मुलांची पूर्ण नावं लिहायची नाहीत, आणि शाळेच्या ईमेलमधून मुलांची माहिती असलेले कागद स्वतःच्या खात्यावर पाठवायचे नाहीत. १९७४ च्या फर्पा कायद्याने मुलांच्या नोंदी गोपनीय आहेत. पुरावा गोळा करायच्या घाईत इथेच पाय घसरतो, आणि मूळ तक्रार राहते बाजूला, चौकशी उलटी लागते.

पाठ-निरीक्षणाचंही असंच. पुष्कळ शाळा-जिल्हे (शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) शिकवणं मोजायला डॅनियलसन यांची चौकट वापरतात: चार विभाग, बावीस घटक, चार श्रेणी. निरीक्षकाने मिनिटांसह लिहावं अशी अपेक्षा असते: ‘९.१२, सहा मुलांनी हात वर केले, शिक्षकाने दोघांना विचारलं.’ ब्लॅक शिक्षकांच्या शेऱ्यांत त्याऐवजी विशेषणं घुसतात. आवाज ‘आक्रमक’, चेहरा ‘दबाव आणणारा’, माणूस ‘आमच्या टीममध्ये बसत नाही’. पुण्यात भाड्याचं घर बघताना आडनाव विचारतात ना, त्याच जातीचं हे ‘बसत नाही’. असा शेरा आला की भांडायचं नाही, लेखी विचारायचं: हे कुठल्या घटकाखाली, किती वाजता, मुलांनी काय केलं तेव्हा? उत्तर येवो न येवो, आपलं निवेदन शेऱ्याला जोडायचं. त्याची मुदत करारात किंवा जिल्ह्याच्या नियमावलीत दिलेली असते आणि ती थोड्या दिवसांची असते. ती वाचायची वेळ शेऱ्यानंतरची नाही, शाळा सुरू होतानाची, ऑगस्टातली.

निरीक्षणाआधीच्या बैठकीत वर्गाची परिस्थितीही कागदावर आणायची: किती मुलांना विशेष शिक्षणाचा आराखडा आहे, किती वर्षाच्या मध्यात आली, किती सलग गैरहजर. शिकागोच्या शाळांचा अभ्यास हेच सांगतो. तिथे ब्लॅक आणि गोऱ्या शिक्षकांच्या निरीक्षण-गुणांत जो फरक होता, त्यातला बहुतेक भाग ते कुठल्या शाळेत आणि कुठल्या मुलांना शिकवतात यातून आला होता. अवघड वर्ग द्यायचा आणि गुण सोप्या वर्गाच्या मापाने मोजायचे, असा तो हिशेब. नोकरी कायम होण्याआधीच्या वर्षांत हे जास्त झोंबतं, कारण तेव्हा कित्येक राज्यांत फारसं कारण न देता करार थांबवता येतो. कॅलिफोर्नियात तसं १५ मार्चपर्यंत कळवावं लागतं. म्हणजे फेब्रुवारीतला शेरा हा जूनमधल्या शेऱ्यासारखा नसतो.

तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाकावा: आज दुपारी आपलं बोलणं झालं, मला समजलं ते असं, काही वेगळं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावं. रागात लिहू नये, आणि लपून रेकॉर्डिंग तर मुळीच नको. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन अशा राज्यांत खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय टिपणं हा गुन्हा ठरू शकतो.

तक्रार करायची वेळ आलीच, तर तीत ‘वंश’ हा शब्द स्पष्ट लिहावा. नुसतं ‘मला वाईट वागवतात’ लिहिलं, तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचं, सूड घेण्याविरुद्धचं संरक्षण मिळवणं कठीण होतं. आणि तारखा. समान रोजगार संधी आयोगाकडे भेदभाव झाल्यापासून १८० दिवसांत जावं लागतं. जिथे राज्याची स्वतःची तशी यंत्रणा आहे तिथे ३०० दिवस मिळतात. खात्री नसेल तर १८०च धरून चालावं. दावा लावायची मोकळीक देणारं आयोगाचं पत्र आलं की कोर्टात जायला पुढे ९० दिवस. सर्वांत मोठी चूक इथे होते: माणूस आधी शाळेतली अंतर्गत तक्रार संपण्याची वाट बघतो. घड्याळ तेवढ्यासाठी थांबत नाही. डेलावेअर स्टेट कॉलेजातल्या रिक्स नावाच्या लायबेरियन प्राध्यापकांना कायम नेमणूक नाकारून एका वर्षाचा अखेरचा करार दिला होता. मुदत नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नकार कळवला त्या दिवसापासून. दावा गेला. बदलीच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या मल्ड्रो निकालाने थोडी वाट मोकळी केली आहे. बदलीने फार मोठं नुकसान झालं हे आता सिद्ध करावं लागत नाही, काही तरी नुकसान झालं एवढं दाखवलं तरी पुरतं.

टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनात शिक्षक-संघटनांना सामूहिक कराराचा हक्क नाही. तिथे करार शोधत बसू नका, जिल्ह्याचं धोरणपुस्तक उघडा.

आता पहिला प्रश्न, मराठी शिक्षकांचा. ब्लॅक सहकाऱ्यांच्या केसांना हात लावू नका. केशरचनेवरून नोकरीत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा केला आणि वीसहून अधिक राज्यं त्यामागे गेली, यावरून दुखणं किती जुनं आहे ते ओळखा. दोन ब्लॅक सहकाऱ्यांची नावं अदलाबदल करू नका. तुम्ही किती छान बोलता, ही तारीफ नको. ते इंग्रजीचेच लोक आहेत. “ब्लॅक पालकांना काय वाटतं?” असं एकाला विचारू नका, पालकांना विचारा.

यापेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. ‘तुम्ही भारतीय किती कष्टाळू, किती शांत’ असं कौतुक स्टाफरूममध्ये होतं, तेव्हा ते पुष्कळदा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला मारलेला टोमणा असतो. हसून मान डोलावली की आपण त्यात सामील. व्हिसा शाळेच्या नोकरीवर टांगलेला असतो, हे खरं, त्यामुळे वाद घालणं प्रत्येकाला परवडत नाही. मग निदान बैठकीचं टिपण लिहायला घ्या आणि कल्पना ज्याची, त्याचं नाव त्या कल्पनेपुढे लिहा. वर्गात दंगा करणारं मूल ब्लॅक सहकाऱ्यांकडे पाठवायचं असेल, तर आधी त्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर नाही. फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला तुम्हीही जा.

आणि हाक. आपल्याला अहो आणि अरे यातलं अंतर शिकवावं लागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कित्येक पिढ्या मोठ्या ब्लॅक माणसांना गोरे लोक नुसत्या नावाने हाक मारत. अलाबामातल्या कोर्टात नागरी हक्क चळवळीतल्या मेरी हॅमिल्टन यांनी ‘मेरी’ या हाकेला उत्तर द्यायचं नाकारलं, ‘मिस हॅमिल्टन म्हणा’ म्हणाल्या, म्हणून त्यांना कोर्टाच्या अवमानाची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९६४ मध्ये रद्द केली. म्हणून पहिल्या दिवसापासून मिस्टर किंवा मिस, त्यापुढे आडनाव, पीएच.डी. असेल तर डॉक्टर. पहिल्या नावाने हाक मारा असं ते आपणहून म्हणाले, तरी मुलांसमोर आडनावच.