पुण्यातली होडी समुद्रावर कुठे बांधावी?

पुण्यात राहून शिडाची होडी समुद्रावर ठेवायची म्हटले की बहुतेक जण आधी मुंबईकडे पाहतात आणि हिशेब तेथेच बिघडतो. गेटवेसमोरच्या पाण्यात क्लबांच्या होड्या नांगरलेल्या असतात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ सालापासूनचा आहे. परंतु सभासदत्व, होडीपर्यंत ने-आण करणारी बोट आणि शहरातला मुक्काम हा सारा डोलारा एखाद्या सतरा फुटी जुन्या फायबरच्या होडीसाठी उभा करणे मला पटले नाही. लहान होडीला बंदर नव्हे, खाडी शोधावी आणि खाडीतही जागेआधी माणूस शोधावा, असे माझे मत आहे.

ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यामार्गे चार-पाच तासांत राजपुरीच्या खाडीवर पोहोचता येते. आणखी दक्षिणेला सावित्रीची बाणकोट खाडी आहे. ती देखणी असली, तरी नदीच्या मुखाशी वाळू साचत असल्याने नवख्याने वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय बाहेर पडू नये. राजपुरीचे मोठे आकर्षण असे की जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या शिडाच्या होड्या तेथे अजून चालतात, म्हणजे शीड, दोर आणि वारा यांची भाषा कळणारी माणसे धक्क्यावरच भेटतात. अशा एखाद्या तांडेलाशी, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाशी, बोलणे झाले की कोणत्या कोपऱ्यात दुपारचा वायव्येचा वारा अडतो आणि कोठे डोलजाळ्यांचे (प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट पाण्याखाली लपलेले आहेत, हे नकाशापेक्षा लवकर कळते. होडीवर रोज नजर ठेवण्याचे पैसे त्यालाच द्यावेत. या व्यवहारातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च तोच. सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे मात्र आधीच जाऊन यावे, कारण गावाची संमती ही परवानगी नव्हे.

जागा पक्की करण्यापूर्वी ती उधाणाच्या पूर्ण ओहोटीला चालत जाऊन पाहावी. तळातून खाली पाण्यात जाणारे मधले पाते वर घेता येणारी होडी फूटभर पाण्यात तरंगते आणि पाणी उतरल्यावर मऊ चिखलात निवांत बसते; तिच्यासाठी खोल, महागडी जागा अडवण्याचे कारणच नाही. तळ दगडाळ असेल तर मात्र प्रत्येक ओहोटीला तिचे बूड आपटत राहील.

नांगरासाठी सिमेंटचा ठोकळा स्वस्त पडतो, पण पाण्यात त्याचे सुमारे चाळीस टक्के वजन हरवते. शंभर किलोचा ठोकळा तेथे साठ किलोही भरत नाही. तो चिखलात नीट रुतू द्यावा आणि साखळी भर भरतीच्या खोलीच्या किमान तिप्पट ठेवावी. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढते आणि दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो; तरीही ओहोटीला मोजलेल्या खोलीवर साखळी विकत घेणे म्हणजे होडी वाऱ्यावर सोडणेच होय. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधून टाकावी, नाहीतर होडीच्या हेलकाव्यांनी ती आपोआप उलगडते.

होडी पाण्यात उतरवण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा, आणि यात अंधश्रद्धा काही नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ निघते. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. पहाटे चारला कोथरूड सोडले तर नऊपर्यंत धक्का गाठता येतो आणि चढत्या पाण्यावर काम करता येते. ट्रेलर अडकला, तरी पाणीच होडी उचलून देते. "भांगाला नका आणू भाऊ, पाणी उताराला लागतच नाय," असे एका काकांनी मला बजावले होते. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढणारी भरती आणि उतार म्हणजे होडी पाण्यात सोडण्याची धक्क्यावरची उतरण. नेमकी शनिवारची सुट्टी अष्टमीला आली की त्यांचे म्हणणे आठवून मी घरीच राहतो.

घाट उतरून आलेल्या ट्रेलरची चाके लगेच खाऱ्या पाण्यात घालू नयेत. तापलेला हब (चाकाचा मधला भाग) पाण्यात एकदम निवला की आतली हवा आकसते, खारे पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंग गंजते. तासभर थांबावे, तोवर डोलकाठी उभारावी; पण कोळीवाड्याच्या गल्लीत नव्हे, कारण तेथे विजेच्या तारा डोक्यावरून जातात आणि काठी ॲल्युमिनियमची असते. होडीतले पाणी काढण्याच्या भोकाचे बूच घट्ट बसले आहे ना, हे ट्रेलर मागे घेण्यापूर्वी हाताने चाचपावे. उताराच्या खालच्या टप्प्यावर शेवाळ असते. तेथे चपलेपेक्षा अनवाणी पाय बरा, असे गावकरी म्हणतात, पण शिंपल्यांच्या कडा पाहता मी रबरी बूटच घालतो.

हे सगळे मे महिन्यापर्यंतच. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद होते, त्याआधी होडी वर काढून उलटी करावी, तळाला चिकटलेले शिंपले खरवडावेत आणि साखळीची प्रत्येक कडी हातात घेऊन पाहावी. झिज सर्वाधिक होते ती तळाला टेकून उठणाऱ्या भागात. तेवढाच तुकडा बदलला तरी नारळी पौर्णिमेनंतरच्या हंगामाला उरलेली साखळी पुरते.