तुम्ही विचारलंत म्हणून : ‘सायको’त घाबरण्यासारखं आहे तरी काय?

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ हा चित्रपट बघा म्हणून कुणालाही सुचवलं की चार दिवसांनी ठरलेला प्रश्न येतो. “बघितला. चांगलाय. पण भीती नाही वाटली. एवढं काय डोक्यावर घेतलंय लोकांनी?” पाठोपाठ तक्रारी : सुरुवात लांबते, तो न्हाणीघरातला खून तर आधीच पाहिलेला असतो, आणि शेवटी तो डॉक्टर किती बोलतो!

यातल्या निम्म्या तक्रारी रास्त आहेत. कुठल्या, ते सांगतो. पुढे रहस्य फोडलेलं आहे, तेव्हा न बघितलेल्यांनी इथेच थांबावं. चित्रपट १०९ मिनिटांचा आहे, तेवढा वेळ लेख थांबेल.

भीती वाटली नाही, याला तुमचा इलाज नाही. १६ जून १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये हा लागला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक होता. एरवी तिथले लोक चालू चित्रपटात मधेच शिरत आणि सुटलेला भाग पुढच्या खेळात बघत. इथे तसं चालणार नव्हतं, कारण ज्या जॅनेट लीचं नाव वाचून लोक तिकीट काढत ती पाऊण तासानंतर पडद्यावर उरतच नाही. नायिका मधेच मरते, हा तो धक्का होता. तुम्ही चित्रपट लावायच्या आधीच तो तुम्हाला ठाऊक असतो. म्हणजे धक्का गेला. पण धक्का हा या चित्रपटाचा एक भाग झाला. त्याची खरी कारागिरी वेगळीच आहे : तुमची सहानुभूती तुमच्या नकळत एका माणसाकडून काढून दुसऱ्याच्या पदरात टाकणं.

त्यासाठी खुनाच्या आधीचा, बैठकीच्या खोलीतला प्रसंग नीट बघा. मॅरियनने, म्हणजे जॅनेट लीने, ४०,००० डॉलर पळवलेत आणि मोटेलच्या वहीत खोटं नाव लिहिलंय, गाव लॉस एंजेलिस. मोटेल चालवणारा नॉर्मन तिला सँडविच आणि दूध देतो. भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी. सुरुवातीला दोघंही सारखीच अवघडलेली. मग ती त्याच्या आईला कुठेतरी ठेवण्याबद्दल बोलते, तो पुढे झुकतो, आणि इतका वेळ मऊ असलेला चेहरा ताठ होतो. शेवटी उठताना ती बोलून जाते की परत फिनिक्सला जायचंय, आणि नाव सांगते क्रेन. खरं गाव, खरं नाव. ती गेल्यावर नॉर्मन वही बघतो तेव्हाचं त्याचं बारीकसं हसू अनेकांच्या नजरेतून सुटतं.

त्याहून जास्त सुटते ती पुढची गोष्ट. मॅरियन खोलीत बसून कागदावर वजाबाकी करते : ४०,००० वजा गाडी बदलताना दिलेले ७००. पैसे परत करायचे ठरलेत. कागद फाडून ती संडासात टाकते आणि पाणी सोडते. अंघोळीला जाते ती मन हलकं करून. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचा खून म्हणजे चोरीची शिक्षा वाटते, आणि ‘चोरीचं कथानक मधेच सोडून दिलं’ अशी तक्रार होते. सोडलेलं नाही. त्याच कागदाचा एक चिटोरा भांड्याला चिकटून राहतो आणि पुढे तिच्या बहिणीला, लायलाला, तोच सापडतो.

आता तो खून. पडद्यावर पाऊण मिनिटाचा, पण चित्रीकरणाला डिसेंबर १९५९ मधले सात दिवस लागले. सत्तरहून जास्त वेळा कॅमेऱ्याची जागा बदलली. सुरी अंगात शिरताना तुम्ही पाहिली असं वाटतं, प्रत्यक्षात ती जवळजवळ दिसतच नाही. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल फिल्मवर ते रक्ताहून बरं दिसतं. सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढला. आणि बर्नार्ड हरमनचं संगीत फक्त तंतुवाद्यांचं, एक ढोल नाही की तुतारी नाही. बाकी चित्रपटभर ती वाद्यं म्यूट, म्हणजे आवाज दाबणारी चिमटी, लावून दबकी वाजतात. इथे म्यूट काढले, म्हणून ती किंचाळी. हिचकॉकला हा प्रसंग मुळात संगीताशिवाय हवा होता. हरमनने तरीही लिहिलं आणि ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. एकदा आवाज बंद करून हा प्रसंग बघा. हरमनचा वाटा किती, ते कळेल.

चित्रपटाचा जीव मात्र माझ्या मते त्याच्या नंतरच्या साफसफाईत आहे. कित्येक मिनिटं संवाद जवळजवळ नाहीच. नॉर्मन पडदा काढून जमिनीवर पसरतो, प्रेत गुंडाळतो, हात धुतो, फरशी पुसतो, टब कोरडा करतो. गाडी मागे घेऊन सगळं डिकीत. शेवटी टेबलावरचं वर्तमानपत्र दिसतं, तेही भिरकावतो. पैसे त्यातच आहेत, हे त्याला माहीत नाही. मग दलदल. गाडी बुडत जाते आणि अर्ध्यात अडकते. नॉर्मन दचकून इकडेतिकडे बघतो. त्या दोन-चार सेकंदांत ‘बुड की एकदाची!’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर चित्रपटाने आपलं काम केलं. जिच्यासाठी पाऊण तास जीव टांगणीला लावला, तिचंच प्रेत त्या डिकीत आहे. तीन-चार जण एकत्र बसले असतील तर या ठिकाणी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा.

‘आईच्या बाबतीत फसवलं’ या आरोपावर थोडं थांबावं लागेल. नॉर्मनची आई कधीच मेलेली आहे, आणि तिच्या वेशात खून करतो तो नॉर्मनच, हे शेवटी कळतं. आईचा आवाज नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सचा नाही, इतर कलाकारांचे आवाज मिसळून तो केलाय. न्हाणीघरातली सावलीही त्याची नाही. त्या दिवसांत तो न्यूयॉर्कला एका संगीतिकेच्या तालमीत होता. ही लबाडीच. पण कॅमेऱ्याची लबाडी सुंदर आहे. नॉर्मन आईला उचलून खाली नेतो तेव्हा कॅमेरा आधीच दाराच्या वर चढून बसलेला असतो. चेहरा लपवलाय, हे जाणवतच नाही.

शेवटच्या त्या डॉक्टरच्या, म्हणजे मनोविकारतज्ज्ञाच्या, भाषणाबद्दल मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. रॉजर एबर्टसारख्या समीक्षकालाही ते खुपत असे. एका वाक्याचं काम पाच मिनिटं चालतं. मॅरियनचा प्रियकर सॅम आणि लायला ही जोडीही फिकी. फक्त भाषण सुरू झालं म्हणून बंद करू नका. त्यानंतरची घोंगडी, माशी आणि नॉर्मनचा तो चेहरा राहून जाईल.

‘रंगीत का नाही?’ याचं उत्तर अर्धं पैशात आहे. पॅरामाउंट या स्टुडिओला हा विषय नको होता. म्हणून हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेतली माणसं घेऊन साधारण आठ लाख डॉलरमध्ये काम उरकलं. उरलेलं अर्धं रक्तात : रंगात ते ओंगळ झालं असतं. १९९८ मध्ये गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने बहुतेक शॉट जसेच्या तसे ठेवून तो रंगीत केला. दोन्ही शेजारी लावून बघितले की वाद मिटतो.

बघायचाच झाला पुन्हा, तर टीव्हीवरचा ‘व्हिविड’ (भडक चित्राचा) मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. नाहीतर सावल्या राखाडी होतात आणि चित्रपट मालिकेसारखा दिसतो. खोलीतला दिवा पडद्यात दिसत असेल तर नॉर्मनच्या घरातल्या जिन्याचे प्रसंग वाया गेले म्हणून समजा. प्रत जुन्या टीव्हीच्या आकाराची, चौकोनी नको. मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी मिळाला तर तोच निवडा. आवाज बैठकीच्या खोलीतल्या प्रसंगात संवाद स्पष्ट ऐकू येतील इतका लावा, आणि नंतर व्हायोलिनं किंचाळली तरी रिमोटला हात लावू नका.