मेला, मेला!

माल्टातला तिसरा दिवस. सकाळी बसपाशी माणसं मोजत होतो, एकोणीस, वीस... आणि नाशिकच्या काकूंनी माझी बाही ओढली. "अहो, ड्रायव्हरच्या घरी काहीतरी झालंय. फोनवर सारखं मेला, मेला म्हणतोय बिचारा!"

मी काही बोलायच्या आत काकू त्याच्यापुढे हात जोडून उभ्या. तो गडबडलाच. येताना पाव आणा, असं बायको सांगत होती आणि तो 'मेला' म्हणत होता. म्हणजे 'बरं', 'हो तर', 'मग काय'! माल्टीज माणसाचं या शब्दावाचून पान हलत नाही. भाषा अरबीच्या गोतातली, लिपी रोमन, वर इटालियन शब्दांची रेलचेल. ऐकताना फसायला भरपूर वाव. त्यानंतर बसमध्ये मी काहीही सांगितलं की अठ्ठावीस माणसं एका सुरात "मेला!" आणि ड्रायव्हर आरशातून खूश.

मोस्टाच्या चर्चमध्ये मात्र सगळे गप्प झाले. ९ एप्रिल १९४२ रोजी जर्मन बॉम्ब इथला घुमट फोडून आत पडला. आत दोनशेवर माणसं, आणि तो फुटलाच नाही. तिथं ठेवलेली बॉम्बची प्रतिकृती डोंबिवलीच्या काकांनी बराच वेळ पाहिली, मग हळूच विचारलं, "त्या दिवशी घरी जाऊन ती माणसं जेवली असतील का हो?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

हे काका वेळेचे पक्के; उभा जन्म लोकल पकडण्यात गेलेला. इथल्या बऱ्याच चर्चना दोन घड्याळं असतात. एक बरोबर, एक चुकीचं. सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून, असं लोक सांगतात. "आणि माणसांनी काय करायचं?" काका खरोखर चिडले होते.

मग बोटीनं शेजारच्या गोझो बेटावर. जाताना तिकीट नाही, परतताना काढायचं. "म्हणजे तिकडंच राहिलो तर फुकट!" हा हिशेब अर्थातच पुण्याचा. दुपारी पास्तीत्सी खाल्ले. आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा. वाटाण्याचा तोडल्यावर ठराव एकमतानं पास झाला, की ही आपली साट्याची मटार करंजीच.

रात्री हॉटेलवर उतरवताना ड्रायव्हर एकेकाला हात हलवून म्हणाला, "सह्हा!" मी मागं पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतो, लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं नऊला. सहाला दहा कमी असताना खोलीतला फोन वाजला. तुमची माणसं खाली उभी आहेत, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. धावत गेलो तर अकरा जण, आंघोळी करून, पर्सा-टोप्यांसकट. काकांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं. "ड्रायव्हरनं स्वतः सांगितलंय, सहा! प्रत्येकाला सांगितलंय!"

'सह्हा' म्हणजे तब्येत, आणि निरोप घेतानाही तेच म्हणतात, हे मी समजावून सांगितलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकू सोफ्यावर बसता बसता म्हणाल्या, "मेला!"

कोणत्या भाषेत, ते मी विचारलं नाही.