आज पोरं वेगळी केली

आज माझ्या पाळीव उंदरीण (रॅट) चिंगीच्या पिल्लांना पाच आठवडे झाले, सकाळीच चारही नर वेगळ्या पिंजऱ्यात हलवले. यात उद्या करू, परवा करू चालतच नाही कारण या वयापासून सख्ख्या बहिणीसुद्धा गाभण राहू शकतात, तरी हलवताना जीव तुटत होता हो.

बावीस दिवस वाट बघून जन्मलेली ती गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली पिल्लं अजून डोळ्यासमोर आहेत, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध पांढरं दिसायचं आणि तेवढं दिसलं की मी निर्धास्त.

दुपारी एक बाई आल्या, मुलीसाठी एकच उंदीर हवा म्हणाल्या. नाही दिला. उंदीर एकटा झुरतो, जोडीनेच द्यायचा. इकडे इंग्लंडमध्ये १९०१ साली एलिसबरी गावच्या प्रदर्शनात उंदीरप्रेमी मेरी डग्लस यांच्यामुळे पाळीव उंदीर पहिल्यांदा मांडले गेले, एवढा जुना छंद आहे हा, तरी लोकांना अजून खेळणंच वाटतं.

मी जोडी लावायच्या आधी दोन्हीकडचे आजी-आजोबा किती जगले, कुणाला श्वासाचा त्रास, कुणाला गाठी, सगळं विचारून घेतलं होतं. आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं, तेवढं तरी सुखाचं जावं. चिंगीची परत वीण घेणार नाही, तिने पुष्कळ केलं.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, बाप्पाचं वाहन आहे गं, नीट घरी दे.

आत्ता चिंगी माझ्या बाहीत शिरून दात कटकट वाजवतेय, खूश असली की असंच करते.